आधी हंगाम विचारा

ही पुस्तिका ऊसतोडीला जाणाऱ्या आणि ऊसतोडीसाठी आपल्याकडे येणाऱ्या माणसांच्या आरोग्यसेवेविषयी आहे. तुळजापूर तालुक्यातल्या आशाताई, नर्सताई, अंगणवाडीताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालेले डॉक्टर यांना डोळ्यांसमोर ठेवून ती तयार केली आहे. ऊसतोड म्हटलं की आधी बीडचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. पण धाराशिव जिल्ह्याचं या साखळीतलं स्थान निराळं आहे. इथून टोळ्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे जातात, सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोट, विजापूरलाही जातात. याच जिल्ह्यात ढोकीचा तेरणा, नळदुर्गचा तुळजाभवानी असे कारखानेही उभे राहिले, त्यामुळे बाहेरच्या टोळ्या इथल्या शिवारात उतरतात. उपकेंद्रातल्या नर्सताईंच्या रजिस्टरमधली काही नावं दिवाळीनंतर ‘गावी नाही’ या शेऱ्याखाली जातात. मग थोड्याच दिवसांत गावाच्या कडेला कोप्या दिसू लागतात आणि त्यांत राहणाऱ्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. जाणारे आणि येणारे दोन्ही एकाच तालुक्यात भेटतात, म्हणून हा विषय समजून घ्यायला तुळजापूर चांगली जागा आहे.

आणखी एक कारण आहे. परक्या माणसाची सेवा कशी करावी हे या गावाला शिकवावं लागत नाही. नवरात्रात आणि त्यानंतर कोजागिरीला तुळजाभवानीच्या दर्शनाला लाखो भाविक येतात. कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी तेलुगू. सोलापूरकडून पायी येणाऱ्यांचे पाय फोडांनी भरलेले असतात. रस्त्यात बसलेली सेवेकरी मंडळी आणि आरोग्य पथकं ते पाय धुतात, मलम लावतात, पट्टी बांधतात. चप्पल का घातली नाही म्हणून कुणी रागावत नाही. अनवाणी चालायचा नवस आहे हे धरूनच पट्टी जाड बांधतात आणि माणसाला पुढे चालू देतात. उपास आहे म्हटल्यावर गोळी कशाबरोबर घ्यायची तेही सांगतात. पाश्चात्त्य विद्यापीठांत ज्याला सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील, व्यक्तिकेंद्री सेवा म्हणतात, ती आमच्या रस्त्यावर वर्षातून दोनदा सहज घडते. मग कोजागिरीनंतर पंधरा दिवसांनी जी बाई कोयता घेऊन ट्रकमध्ये चढते, तिच्या वाट्याला ही समजूत का येत नाही? या पुस्तिकेतला प्रत्येक धडा या प्रश्नातून निघाला आहे.

तिचं काम ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांच्या नावावर तोडून फेडायची. पहाटे तीन-चारला उठून बाई चूल पेटवते, भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात पोचते. नवरा तोडतो, ती पाचट काढते, वाढं छाटते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. एकेका मोळीचं वजन तीस-चाळीस किलोपर्यंत भरतं. ट्रक रात्री अकराला आला तर अकराला भरायचा. कोपीजवळ नळ नसतो, संडास नसतो, आंघोळीला आडोसा नसतो. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आणि वाळवायला जागा नसते. दिवसा लघवीला जाता येत नाही म्हणून ती पाणी कमी पिते. एक दिवस फडात गेली नाही तर खाडा लागतो; तो पाचशे रुपये असतो, कधी त्याहून जास्त, आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. कोयता जोडीचा असल्यामुळे बायको आजारी पडली की नवऱ्याचंही काम थांबतं.

असे पाच-सहा महिने, आणि अशी वर्षांमागून वर्षं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा बायकांमागे साधारण एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ते पाऊल गरजेचं होतं. पण परवानगीचा कागद शस्त्रक्रियेच्या दारात उभा राहतो. बाई त्या दारापर्यंत का आली हे तो विचारत नाही.

ती का येते ते आपल्या ओपीडीत ऐकू येतं. पुढचं संभाषण थोड्याफार फरकाने या पट्ट्यातल्या कुठल्याही डॉक्टरांनी ऐकलं असेल.

“मॅडम, कंबर लई दुखतीय.”

“आणखी काही होतंय का?”

बाई दाराकडे बघते. नवरा बाहेर गेलाय याची खात्री करते.

“अंगावरनं पांढरं जातंय. मागच्या सीझनपासनं.”

“औषध घेतलं होतं?”

“तिकडं इंजेक्शन मारलं हुतं. मॅडम, आता पिशवीच काढून टाका. माझ्या जावंनं काढली. सुटली ती.”

इथे डॉक्टरांपुढे दोन वाटा असतात. पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, असं म्हणून ज्यांनी भीती घातली त्यांची वाट आपल्याला माहीत आहे. पण दुसरी वाटही पुष्कळदा तितकीच निरुपयोगी ठरते: अडाणीपणा करू नका, एवढ्या लहान वयात पिशवी काढत नाहीत, ही गोळी घ्या, स्वच्छता ठेवा, आराम करा. वैद्यकीयदृष्ट्या यातलं एक अक्षरही चुकीचं नाही. तरी बाई गोळ्यांचं पाकीट घेऊन जाते आणि पुढच्या महिन्यात दागिना मोडून दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घेते. आराम करा म्हणणाऱ्याला आपलं आयुष्य ठाऊक नाही, हे तिने त्याच क्षणी ओळखलेलं असतं.

तिसरा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो साधा आहे. “ताई, कारखान्याला कधी निघताय?”

“दिवाळी झाली की. मालकानं उचल घेतलीय.”

या एका उत्तराने सगळा उपचार बदलतो. पांढरं जाण्याची बरीचशी कारणं औषधाने बरी होतात. सरकारी दवाखान्यात त्यासाठी हिरव्या रंगाचं किट मोफत मिळतं. त्यातल्या गोळ्या एकदाच घ्यायच्या असतात, आणि त्या आपल्यासमोर घेता येतात. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं किट लागतं, आणि त्याचा कोर्स चौदा दिवसांचा आहे. बाई दहा दिवसांनी निघणार असेल तर उरलेले चार दिवस ती फडात असेल. तिथे ‘नाश्त्यानंतर’ म्हणजे कधी? पहाटे चहा पिऊन निघालेली बाई भाकरी खाते नऊ-दहाला. उपाशीपोटी त्या किटमधलं मेट्रोनिडाझोल घेतलं की मळमळतं, आणि मळमळलं की कोर्स तिथेच सुटतो. डॉक्सिसायक्लिनमुळे काहींच्या कातडीला ऊन सोसत नाही. दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला हे आधी सांगितलं नाही तर पुरळ उठल्यावर ती औषध फेकते आणि औषध देणाऱ्यावरचा विश्वासही उडतो. म्हणून कोर्स गावातच पूर्ण होईल अशी तारीख धरावी लागते, गोळी भाकरीच्या वेळेला बांधावी लागते, आणि लक्षणांप्रमाणे गरज असेल तिथे नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. नवऱ्याशी हे कोण बोलणार, कुठल्या शब्दांत, हेही ठरवावं लागतं. पुष्कळ गावांत हे काम आशाताईंपेक्षा पुरुष आरोग्य सेवक सोप्या रीतीने करतात.

आणि पिशवी काढल्यावर काय होतं तेही तिला निघण्याच्या हिशेबातच सांगावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे जड उचलायचं नसतं. मोळी उचलण्याचा प्रश्नच नाही. बीजांडंही काढली गेली तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. ज्या कंबरदुखीसाठी पिशवी काढली ती कंबर काही वर्षांनी आणखी दुखते. जाव सुटली असं वाटतं, पण तिच्या पाठीचं पुढे काय झालं हे दवाखान्यात कुणी विचारत नाही. ज्या बाईला खरोखर शस्त्रक्रियेची गरज आहे, अंग बाहेर येतंय, रक्तस्राव थांबत नाही, गाठ मोठी आहे, तिला ती मिळालीच पाहिजे. आणि ती हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये, विश्रांतीला वेळ असताना मिळाली पाहिजे.

या विषयावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं काही आपल्याला थेट उपयोगी पडतं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकात डॉक्टरांसाठी काही प्रश्न तयार केले. हा त्रास कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? वरच्या संभाषणात हा दुसरा प्रश्न विचारला असता तर बाईने पिशवीचं नाव काढलं नसतं. ऐन हंगामात पडून राहिले तर उचल कशी फिटेल, असं ती म्हणाली असती. न्यूझीलंडमधल्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन त्याहून पुढे गेल्या. त्यांचं म्हणणं असं की सेवा सुरक्षित वाटली की नाही हे सेवा देणाऱ्याने ठरवायचं नाही, घेणाऱ्याने ठरवायचं. त्या देशाच्या परिचर्या परिषदेने १९९२ मध्ये हा विचार परिचारिकांच्या शिक्षणात आणला. मला तो विचार फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे रुग्णाची संस्कृती म्हटलं की चालीरीतींची यादी होते: कुणाचा कडक उपास, कुणाच्या अंगात येतं, कोण पाळीत बाहेर बसतं. त्या गोष्टी माहीत असाव्यातच. आई तुळजाभवानीची परडी घरात असलेल्या बाईला मंगळवारी शस्त्रक्रियेची तारीख नको असेल तर ती बुधवारची द्यायला काय हरकत आहे? पण ऊसतोड करणाऱ्या बाईचं आयुष्य ज्या रीतीने बांधलेलं आहे त्यातला मोठा भाग देव्हाऱ्यात नाही. तो उचल, मुकादम, खाडा, ट्रकची वेळ यांत आहे. कर्जाचं वेळापत्रक हेच तिचं सगळ्यात कडक व्रत आहे, आणि ते न विचारता तिच्या रीतिरिवाजांचा कितीही आदर केला तरी तिला उपचार मिळत नाही.

म्हणून या पुस्तिकेत रुग्णाच्या केसपेपरवर वयानंतर लगेच एक ओळ सुचवली आहे: कुठे जाणार, कधी निघणार, कधी परतणार. ही ओळ क्षयरोगात तर जीव वाचवणारी आहे. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि हंगामही साधारण तेवढाच. ऑक्टोबरमध्ये निदान झालेल्या माणसाचे जवळजवळ सगळे उपचारांचे महिने फडात जातात. निक्षय पोर्टलवर रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवता येतो, पण तो निघण्याआधी सोपवला तरच. मागून फोन केला तर टोळी तोवर तिसऱ्या गावाला गेलेली असते.

गरोदर बाईचं कार्डही असंच. पुष्कळ घरांत माता-बाल संरक्षण कार्ड सासूजवळ पत्र्याच्या पेटीत राहतं, कोपीत भिजेल म्हणून. हा निर्णय काळजीपोटीच घेतलेला असतो. पण सातव्या महिन्यात कारखान्याजवळच्या दवाखान्यात गेल्यावर रक्त किती होतं, धनुर्वाताची लस झाली का, याचं उत्तर तिच्याकडे नसतं आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते. त्यावर रागावण्यापेक्षा मोबाईलमध्ये कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून द्यावा, प्लॅस्टिकची पिशवी द्यावी, इतकं साधं काम आहे. उलट बाजूने कर्नाटकात बाळंत झालेली बाई तिथलं कन्नडमधलं तायी कार्ड घेऊन परतते आणि इथे ते बाजूला ठेवलं जातं. तुळजापूर-नळदुर्ग पट्ट्यात कन्नड वाचणारं माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. तांड्यावरच्या बंजारा आजीशी गोरमाटीत बोलणारी नातही शोधता येते. फक्त पाळी, गर्भपात, नवऱ्याची मारहाण या गोष्टी नातीच्या तोंडून विचारू नयेत, त्यासाठी तांड्यावरचीच पण घराबाहेरची बाई बघावी. पारधी कुटुंब सरकारी इमारतीत पाऊल ठेवायला कचरतं, त्यामागे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास आहे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चौकशीच्या सुरात नाव-गाव विचारलं की तो इतिहास जागा होतो.

हे सगळं या भागात नवीन नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावं. अणदूर याच तालुक्यातलं. तिथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना भारतवैद्य म्हणून तयार केलं. १९९३ च्या भूकंपाने लातूर-धाराशिवची गावं उद्ध्वस्त केली त्या काळापासून हे काम या परिसरात उभं आहे. त्याआधी १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी शाळा न पाहिलेल्या बायकांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण परिसंकुल आहे. तिथले विद्यार्थी इथल्या गावांत राहून काम शिकतात. शिकलेल्या डॉक्टरांना जे बाई सांगणार नाही ते ती आपल्यातल्या बाईला सांगते, हे या लोकांनी करून दाखवलं. त्यांच्या कामाला एकच मर्यादा होती आणि ती त्यांची नव्हे: बाई गावात असेपर्यंतच भारतवैद्य तिच्या शेजारी असते. बहुतेक टोळ्यांबरोबर आरोग्याचं माणूस जात नाही. मला वाटतं, प्रत्येक मोठ्या टोळीतली एक बाई प्रशिक्षण देऊन, औषधांची पेटी आणि मानधन देऊन तयार करणं हे पुढचं पाऊल आहे, आणि ते उचलायला पैसा कमी पडू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये आणि सरकारकडून तेवढेच, अशी तरतूद ठरलेली आहे. त्यातला ठरावीक वाटा फडातल्या आरोग्यासाठी राखून ठेवावा, ही मागणी मी इथे स्पष्टपणे नोंदवतो.

जबाबदारी कोणाची, यावर बरीच वर्षं टोलवाटोलवी चालली आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मोफत वैद्यकीय सोय ठेकेदारावर टाकली होती, पण धाराशिवहून सांगलीला जाणारा मजूर राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून त्या कायद्यात बसत नव्हता. आणि बागलकोटला जाणाऱ्यासाठी मुकादमाला कायद्यासमोर कोण उभं करणार? केरळने बाहेरून आलेल्या मजुरांसाठी २०१७ मध्ये ‘आवाज’ ही आरोग्य विमा योजना सुरू केली, त्यांच्या राज्याचा मतदार नसलेल्या माणसासाठी. आपले मजूर तर आपल्याच राज्याचे मतदार आहेत. २०२० च्या टाळेबंदीत लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात अडकले, तेव्हा त्यांची संख्या, त्यांच्या कोप्या कुठे आहेत, बरोबर लहान मुलं किती, हे सगळं प्रशासनाला काही दिवसांत मोजावं लागलं. म्हणजे मोजणी होऊ शकते.

पुरुषांविषयी आणि मुलांविषयी दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे फार लिहीत नाही. साप चावणं, कोयत्याची जखम, थकवा मारायला घेतलेली दारू, भूक मारायला लावलेली मिश्री, उसाच्या सरीत झोपवलेलं तान्हं मूल, चुकलेला गोवराचा डोस, हे विषय तिथे येतील. मुलांचं प्रकरण लिहिताना सगळ्यात जास्त मदत अंगणवाडीताईंची झाली.

वाचण्याचा क्रम वाचकांनी आपल्या कामाप्रमाणे ठरवावा, पण एक सुचवतो. निघण्याआधीच्या तपासणीचं पहिलं प्रकरण घटस्थापनेच्या आधी वाचून व्हावं. दसऱ्यानंतर गावोगाव मुकादमांचे फोन सुरू होतात आणि टोळ्यांच्या तारखा ठरू लागतात. त्या आठवड्यात रक्ततपासणी, हिरवी-पिवळी किटं, निक्षयची नोंद आणि कार्डांचे फोटो एकाच वेळी करायला उपकेंद्रात माणसं पुरत नाहीत. आलेल्या टोळ्यांचं दुसरं प्रकरण कारखान्याची चिमणी पेटल्याबरोबर लागेल. आणि ज्यांच्या हद्दीत कारखाना आहे त्यांनी कोप्यांच्या भेटीसाठी दुपारची वेळ धरू नये, तेव्हा तिथे म्हाताऱ्या आणि लेकरंच भेटतात. संध्याकाळी सातच्या पुढे जावं, ट्रक आलेला नसेल तर.